काचेची पाटी आणि लेखणी

रायपूर शहरातील पंडरीचा कापडबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगावयास नको. एकमेकांस खेटून उभे असलेले गाळे, दोरांनी आवळलेले गठ्ठे वाहून नेणारे हमाल, पांढऱ्या गाद्यांवर एकामागून एक उलगडल्या जाणाऱ्या साड्या, आणि या सर्वांवर अखंड तरंगत राहिलेला भावतोलाचा कोलाहल! बस्तरपासून सरगुजापर्यंतचे किरकोळ दुकानदार येथे माल भरावयास येतात. २०२१ सालापर्यंत शहराचे मोठे बसस्थानकही पंडरीतच होते. सकाळच्या गाडीने उतरावे, दुपारपर्यंत खरेदी आटोपावी आणि संध्याकाळच्या गाडीने गठ्ठ्यांसह परत फिरावे, असा पुष्कळांचा क्रम असे. त्या वर्षी बसस्थानक भाठागावास हलले. बाजार आहे तेथेच आहे. परंतु पूर्वी समोर बसून मागणी सांगणारे गिऱ्हाईक आता बहुधा फोनवरून ती सांगते, आणि म्हणून ऐकलेले बिनचूक टिपून घेणारा माणूस पूर्वीपेक्षाही अधिक मोलाचा झाला आहे.

अशाच एका ठोक विक्रीच्या दुकानात माझ्या मावशीचे यजमान मुनीम आहेत. घरात आम्ही त्यांना काका म्हणतो. बाजारात ते ‘मुनीमजी’. रायपुरात मराठी घरे काही थोडीथोडकी नाहीत. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले तेव्हापासून नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग, आणि पुढे इंग्रजी अमदानीत नोकरी-वकिलीच्या निमित्ताने, अनेक कुटुंबे छत्तीसगढात येऊन स्थिरावली. येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ सालापासूनचे आहे. काकांचे घराणे या जुन्या मंडळींपैकीच. घरी मराठी, गादीवर हिंदी आणि हमालांशी छत्तीसगढी अशा तीन भाषा त्यांच्या तोंडी दिवसभर खेळत असतात. अक्षर मात्र एकच, वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेले मराठी वळणाचे बालबोध!

या अक्षराचा काकांना तरुणपणी मोठा अभिमान होता. इतरांच्या वहीत पानास पंचवीस ओळी बसत, तर काकांच्या वहीत चाळीस. मुंगीच्या पावलांसारखी बारीक परंतु सुस्पष्ट अशी त्यांची रोजकीर्द पाहावयास शेजारच्या गाळ्यांतील मुनीम येत असत, असे मावशी अजून कौतुकाने सांगते. पुढे वय झाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, चष्मा बदलला; तरी आपणच लिहिलेले बारीक अक्षर काकांस वाचता येईनासे झाले. नवी कलमे ते मोठ्या अक्षरात लिहीत. पण जुनी बाकी पाहावयाची म्हणजे वही उन्हात न्यावी लागे.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. बोरू कसे निवडावेत, शाई कशी करावी, ओळींत अंतर किती राखावे, कागदाच्या चारी बाजूंस कोरी जागा का सोडावी (कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहावे म्हणून!), याची इतकी व्यवहारी माहिती अन्य जुन्या ग्रंथांत क्वचितच आढळेल. त्यातच समर्थांनी असे बजावले आहे की, तरुणपणी लिहिलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही. लिहिणे मध्यम असावे. दासबोधाचा हिंदी अनुवाद ज्यांनी केला ते माधवराव सप्रे मराठी घरातलेच. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक त्यांनी चालविले आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. काकांच्या घरी या अनुवादाची जुनी प्रत आहे. ‘अगं, पोथी घरात होती, पण तो समास काही मी वेळेवर वाचला नाही,’ असे ते हसून म्हणाले.

हसण्यासारखी गोष्ट अर्थातच नव्हती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हापासून दुकानाचे मुख्य हिशेब संगणकावर गेलेले होते. कळफलकावर दोन बोटांनी अक्षरे शोधीत बसणे काकांना जमले नाही. मागण्या टिपणे आणि उधारीची आठवण ठेवणे एवढेच काम त्यांच्याकडे उरले होते, आणि आता तेही डोळ्यांमुळे डळमळू लागले होते. शेठजी भले गृहस्थ. त्यांनी उघडपणे काही म्हटले नाही. परंतु गादीवर एक तरुण मदतनीस बसू लागला याचा अर्थ काकांस न कळण्याजोगा नव्हता. महिन्याचा पगार हा एक भाग झाला. सकाळी दहाच्या सुमारास घरातून बाहेर पडण्याचे कारणच नाहीसे होणे हा दुसरा, आणि माणसास तोच अधिक जाचतो.

मार्ग काढला तो शेठजींच्या सुनेने. तिने एक टॅब्लेट आणला. म्हणजे वहीच्या आकाराची काचेची पाटी, आणि तीवर लिहिण्याची विजेरी लेखणी. काकांस ती म्हणाली, ‘मुनीमजी, यावर वहीत लिहिता तसेच लिहा. वाचताना दोन बोटांनी पान ताणा, म्हणजे अक्षर मोठे होईल.’ पहिला दिवस कपाळास आठ्या घालण्यात गेला. काच गुळगुळीत, लेखणी घसरे. आणि तळहात काचेस टेकला तर काही बिघडेल या भीतीने काका हात अधांतरी धरून लिहीत. हात टेकला तरी चालतो, पाटीस लेखणी आणि तळवा यांतील भेद कळतो, हे समजल्यावर मात्र अक्षर पूर्ववत वळणावर आले. आठवड्याभरात काका उन्हात जावयाचे थांबले.

हा भेद पाटीस कळतो कसा, असा प्रश्न वाचकांच्याही मनात आला असेल. साध्या मोबाइलच्या काचेवर बोट फिरविले म्हणजे बोटाच्या विद्युत्-धारणेमुळे त्या जागी सूक्ष्म बदल होतो व तो यंत्रास जाणवतो. बाजारात काही शे रुपयांस मिळणारी रबरी टोकाची लेखणी ही अशा बोटाचेच सोंग घेते. तिला तळहातापासून वेगळे ओळखण्याचा उपाय नाही, आणि तिचे टोक जाड असल्याने जोडाक्षरे काढताना मन विटून जाते. खरी लेखणी निराळी. तिचा एक प्रकार असा की, काचेखाली तारांची बारीक जाळी असते व तिच्यातून क्षणोक्षणी चुंबकीय लहरी सोडल्या जातात. लेखणीच्या पोटात तारेचे छोटे वेटोळे असते. ते या लहरींनी जागे होते आणि स्वतः प्रतिसाद देते, जसे एक तंबोरा छेडला असता जवळचा त्याच सुरात लावलेला दुसरा तंबोरा आपोआप निनादू लागतो. पाटी आळीपाळीने हाक मारते आणि कान देते. उत्तर जाळीच्या ज्या भागातून जोरात येईल तेथे लेखणी आहे असे ठरते. टोकावर दाब पडला की त्या सुरात किंचित फरक होतो, आणि त्यावरून रेघ जाड काढावयाची की बारीक हे ठरते. दाबाच्या ४०९६ पायऱ्या ओळखणाऱ्या लेखण्या आता सर्रास मिळतात. या प्रकारच्या लेखणीस विजेची घडी भरावी लागत नाही. जपानमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने या पद्धतीचा मोठा प्रसार केला. दुसऱ्या प्रकारात लेखणीतच छोटी बॅटरी असते व लेखणी स्वतःहून आपला ठावठिकाणा पाटीस कळविते. दोहोंचे गुणदोष आहेत. गृहस्थाने घेताना लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की एका कंपनीची लेखणी दुसरीच्या पाटीवर बहुधा चालत नाही. लेखणी हरविली तर तीच पुन्हा शोधत फिरावे लागते.

हाताने लिहिलेले यंत्रास देण्याची ही हौस आजकालची नव्हे. १८८८ साली एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकाने ‘टेलऑटोग्राफ’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. येथे लेखणीने लिहावे आणि तारेच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या लेखणीने तेच अक्षर तसेच्या तसे काढावे, अशी त्याची करामत होती. पेढ्या, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके यांतून ते दीर्घकाळ वापरात होते. १९६४ साली अमेरिकेतील रँड या संस्थेने संगणकास जोडावयाची एक पाटी तयार केली. तिचे लिहिण्याचे क्षेत्र सुमारे दहा इंच लांब व तितकेच रुंद होते, आणि इंचास शंभर याप्रमाणे तांब्याच्या सूक्ष्म रेषा उभ्या-आडव्या घालून दहा लाखांहून अधिक बिंदू तिच्यावर ओळखता येत. पुढे १९७२ साली अ‍ॅलन के या शास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली; लहान मुलांनी काखेत घेऊन हिंडावा असा संगणक! तो त्या रूपात कधी निर्माण झाला नाही, परंतु आज घरोघरी असलेल्या टॅब्लेटचे ते पहिले बारसे म्हणावयास हरकत नाही.

मग मधला काळ मोठ्या फजितीचा आला. १९९३ साली अ‍ॅपलने ‘न्यूटन’ नावाचे हातात मावणारे यंत्र काढले; ते हस्ताक्षर वाचू शकते असा गाजावाजा झाला, आणि लिहावे एक व यंत्राने वाचावे भलतेच, यामुळे वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रकारांना आयताच विषय मिळाला. १९९६ साली आलेल्या ‘पाम पायलट’ने युक्ती उलटी केली. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्रासाठी निराळी, सुटसुटीत अक्षरे शिकावीत! आणि लाखो लोकांनी ती शिकलीही. आपल्याकडे मोडीचे उदाहरण आहेच. लेखणी कमीत कमी उचलून भराभर लिहिता यावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांनी अक्षरांची वळणे मोडून घेतली; घाईचे काम अक्षरास आपल्या रूपात वाकवितेच.

भारताने या क्षेत्रात काहीच केले नाही असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि त्याच शहरातील काही अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ हे स्वस्त, लेखणीने चालणारे यंत्र बनविले. सामान्य, अल्पशिक्षित माणसाने तेथल्या तेथे वापरावे हा हेतू. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने त्याचा ‘अमिडा’ हा प्रकार बाजारात आला. त्यावर लेखणीने खरडलेला मजकूर तसाच पत्र म्हणून धाडता येत असे. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी आणि छत्तीसगढात शिक्षणाच्या एका प्रकल्पात त्याचा उपयोग करण्यात आला. विक्री मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली, आणि मोबाइलच्या लाटेत ते मागे पडले. २०११ साली सॅमसंगने आपल्या ‘नोट’ फोनबरोबर आणि २०१५ साली अ‍ॅपलने आपल्या मोठ्या आयपॅडबरोबर लेखणी दिली, तेव्हा जग जणू नवीन शोध लागल्याप्रमाणे टाळ्या वाजवू लागले. असो.

आता पंडरीच्या गादीकडे परत येऊ. कारण काचेच्या पाटीची खरी परीक्षा तेथे व्हावयाची होती.

काकांनी लिहिलेल्या मागण्या संध्याकाळी संगणकात चढविण्याचे काम सून करीत असे. वेळ वाचावा म्हणून तिने पाटीतील एक सोय सुरू केली. हस्ताक्षर आपोआप ओळखून त्याची छापील अक्षरे व आकडे करून देणारी ही सोय. दोन-तीन दिवस सर्व सुरळीत चालले. नंतर बस्तरकडील एका दुकानदाराने शर्टाच्या कापडाचे बारा तागे मागविले. (पंडरीत त्यांस थान म्हणतात.) माल बांधला गेला, मालमोटारीत चढला, आणि तिसऱ्या दिवशी त्या दुकानदाराचा संतापलेला फोन आला. त्याच्या दाराशी ब्याण्णव तागे उतरले होते.

शेठजींनी मान हलविली. त्यांच्या मनात काय आले हे सांगावयास नको. गेले वर्षभर ज्या प्रसंगाची सर्वांना भीती होती तोच हा प्रसंग होता. काका गप्प बसून राहिले. स्वतःच्या डोळ्यांची खात्री त्यांना स्वतःलाही उरली नव्हती. आपण बारा लिहिले की ब्याण्णव, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनेने त्या तारखेचे पान उघडले. पाटीने छापील आकडे केले होते खरे, परंतु मूळ हस्ताक्षर पुसून टाकलेले नव्हते. ते पाठीमागे जसेच्या तसे होते. पान ताणून मोठे केले. काकांचा स्वच्छ, वळणदार १, आणि त्यापुढे २. यंत्राची नजर इंग्रजी आकड्यांसाठी लावलेली होती. आणि आपला देवनागरी एक हा इंग्रजी नवाशी किती मिळताजुळता आहे हे वाचकांनी कागदावर काढून पाहावे. आपला चार हा त्यांचा आठ भासतो. आपला दोन तेवढा त्यांच्या दोनाच्या जवळपास उतरतो. म्हणून बारा हे ब्याण्णव झाले. ज्याने लिहिले त्याची चूक नव्हती. वाचणाऱ्याने दुसऱ्याच लिपीच्या चष्म्यातून वाचले होते.

‘मूळ शाई राखून ठेवणे’ हे तत्त्व या यंत्रांच्या इतिहासात मोठ्या अनुभवाअंती आलेले आहे. २००२ साली मायक्रोसॉफ्टने ‘टॅब्लेट पीसी’ बाजारात आणला तेव्हा हस्ताक्षर हे ताबडतोब छापील मजकुरात बदलून टाकावयाचा कच्चा माल नव्हे, तर ते स्वतःच एक दस्तऐवज आहे, असे मानून त्याची रचना करण्यात आली होती. लेखणी कोठे टेकली, कोणत्या दिशेने गेली, कोणत्या क्षणी उचलली, हे सर्व पाटीस ठाऊक असते. यंत्राचे वाचनही याच क्रमावर अवलंबून असते. इंग्रजी लिहिणारा मनुष्य एकामागून एक अक्षर काढीत जातो. आपण मात्र ‘कमळ’ लिहिताना आधी तिन्ही अक्षरांची अंगे काढतो आणि शेवटी एकच शिरोरेघ ओढून तिघांस छत्र धरतो. ही उशिरा आलेली रेघ नेमकी कोणाकोणाची, हे ठरविताना यंत्राची तारांबळ उडते. गूगलने २०१५ साली ८२ भाषांतील हस्ताक्षर ओळखण्याची सोय मोबाइलवर आणली, तीत देवनागरीचाही समावेश होता. तेव्हापासून प्रगती पुष्कळ झाली आहे. तरीही मुनिमांच्या खासगी खुणा, म्हणजे ‘तागे’साठी नुसता ‘ता’, ‘बाकी’साठी एक शेपटीवाला ‘बा’, यांच्यापुढे सर्व यंत्रे हात टेकतात.

यावर काकांनीच उपाय सुचविला, आणि तो शेकडो वर्षांचा जुना आहे. खतात, हुंडीत, आजही धनादेशावर, रकमेच्या आकड्यापुढे ती अक्षरी लिहावयाची चाल आहे. काका आता प्रत्येक मागणीपुढे लिहितात: १२, अक्षरी बारा. आकडे ओळखण्याची ती सोय सुनेने बंद केली आहे. संध्याकाळी ती मूळ हस्ताक्षर पाहून टंकित करते, आणि शंका वाटल्यास विचारते. वेळ थोडा अधिक जातो. पण मदतनीस मुलगा आता गादीवरून उठून गठ्ठे मोजावयास गेला आहे.

आमच्या भाषांतराच्या व्यवसायातही या पाटीने प्रवेश केला आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. मी गेली तीन वर्षे मुद्रिते तिच्यावरच तपासते. पूर्वी छापखान्यातून कागदी मुद्रिते येत, समासात तांबड्या शाईने खुणा कराव्या लागत आणि ती परत धाडावी लागत. आता तीच पाने पाटीवर येतात, त्याच जुन्या खुणा त्याच समासात करावयाच्या आणि घटकेत परत पाठवावयाची. परंतु मला तिचा खरा उपयोग झाला तो कच्चा अनुवाद करताना. कळफलकावर एखादा शब्द नापसंत ठरला की तो खोडला जातो आणि मागमूसही उरत नाही. लेखणीने मी एकाच मूळ शब्दासाठी तीन प्रतिशब्द एकाखाली एक लिहिते, दोघांवर काट मारते; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो काट मारलेल्यांपैकीच एक योग्य असल्याचे दिसून येते! नाकारलेला शब्द डोळ्यांसमोर राहणे ही अनुवादकाची गरज आहे. शिवाय आपल्या ‘दुसऱ्या’मधला आणि ‘कुऱ्हाडी’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र! कळफलकावर तो काढावयास कित्येकांना अजून कळा शोधाव्या लागतात. लेखणीस त्याचे काहीच वाटत नाही.

पण याच पाटीने मला रडविलेही आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती हातातून निसटली व काच फुटली. दुरुस्तीला दिली, परत आली ती नव्या काचेसह, आणि आतून धुऊन पुसून कोरी! एका जाड ग्रंथाच्या अनुवादासाठी चार महिने जमविलेली शब्दसूची तिच्यातच होती, आणि अन्यत्र कोठेही नव्हती. कागदी वही चिंब भिजली तरी चार पाने वाचता येतात. ही पाटी जाते तेव्हा सगळीच जाते. तेव्हापासून मी रोज रात्री दिवसभराच्या पानांची प्रत दुसरीकडे उतरवून मगच दिवा मालवते. टिपणे अशा स्वरूपात साठवावीत की ती कोणत्याही यंत्रावर उघडतील, हेही त्याच वेळी शिकले. एखाद्याच कंपनीच्या कुलपात ठेवलेली वही ही परक्याच्या घरी ठेवलेल्या दागिन्यासारखी होय.

मुलांनी अभ्यासाची टिपणे हाताने घ्यावीत की टंकित करावीत, हा प्रश्न पालकांकडून वारंवार विचारला जातो. २०१४ साली म्युलर व ओपेनहायमर या अमेरिकन संशोधकांचा एक प्रयोग फार गाजला. संगणकावर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यानातील वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतात, हाताने लिहिणारे मात्र आशय निवडून घेतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत दुसऱ्यांची सरशी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा ही सरशी ठामपणे दिसून आली नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २०२४ साली नॉर्वेतील एका विद्यापीठाने ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी तपासल्या. विद्युत्-लेखणीने काचेवर शब्द लिहिताना मेंदूचे विविध भाग एकमेकांशी जितके जोडले जातात तितके कळ दाबताना जोडले जात नाहीत, असे तेथे आढळले. मात्र त्या प्रयोगात टंकन एकाच बोटाने करावयाचे होते. दहा बोटांनी सफाईने टंकन करणाऱ्यास तो निष्कर्ष लागू पडेलच असे नाही. माझे मत विचाराल तर ज्या मुलाचे अक्षर अजून बसलेले नाही त्याच्या हाती कागद आणि पेन्सिलच द्यावी. काच गुळगुळीत असल्याने बोटांस विरोध होत नाही, आणि वळण सैल पडते. मोठ्या मुलांसाठी काचेवर खरखरीत पापुद्रा चिकटवून घेतल्यास लिहिणे पुष्कळ कागदासारखे होते, इतकाच व्यवहारी सल्ला.

काकांच्या नातीची गोष्ट मात्र या नियमास अपवाद म्हणावी लागेल. ती रायपुरात इंग्रजी शाळेत जाते. घरी मराठी बोलते, परंतु लिहिण्याचा प्रसंग तिला कधी आलाच नव्हता. आजोबांची पाटी रविवारी घरी येते, तेव्हा ती तिच्यावर ओढून ओढून मराठी लिहू लागली आहे. तिचा ल शाळेतील हिंदी पुस्तकातल्यासारखा असतो. काका तो पुसावयास लावतात आणि आपला पाकळीचा ल काढून दाखवितात. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने पाकळीचा ल व देठाचा श हीच मराठीची रूपे असल्याचे निर्णयाने सांगितले, हे त्यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवले आहे व तो कागद पुराव्यादाखल पुढे करतात. नात ‘ळ’ काढताना अजून अडखळते. त्याची दोन वर्तुळे एकमेकांस चिकटून इंग्रजी आठ आडवा पडल्यासारखा दिसतो. नागपूरच्या पणजीस तिने लिहिलेले चार ओळींचे पत्र मी पाहिले. त्यात ‘कमळ’ होते, ‘बाळ’ होते, आणि ‘ळ’ लिहिता यावा म्हणूनच निवडलेले असावेत असे आणखी चार-पाच शब्द होते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनास मी पंडरीतच होते. गादीवर चौरंग मांडला होता. नव्या तांबड्या वहीवर काकांनी बोरूने ‘श्री’ काढला. बोरू वर्षातून एवढ्यापुरताच बाहेर निघतो. मग शेठजींनी काही न बोलता ती काचेची पाटीही वहीशेजारी ठेवली. सून थोडी कासावीस झाली, कारण काचेवर कुंकू पडले तर ते कडांच्या फटीत शिरते. काकांनी तिच्यावर नवे पान उघडले, लेखणीने वर ‘श्री’ लिहिला, खाली तिथी लिहिली, आणि कुंकवाचे बोट पाटीच्या पाठीस, तिच्या आवरणाला लावले. काका लेखणी बोरूप्रमाणे दाबून लिहितात. त्यामुळे तिचे टोक इतरांच्या मानाने फार लवकर झिजते. जादा टोकांची एक पुडी सुनेने गल्ल्याच्या खणात, पावतीपुस्तकांच्या शेजारी, कायमची ठेवून दिली आहे.